कुशीचे कागद

हिंगोलीसारख्या गावी दिवाणी आणि कौटुंबिक दावे चालविणाऱ्या स्त्री-वकिलाकडे माणसे येतात ती मुख्यतः जमीन, पोटगी आणि वारसा यांसाठी. आणि पुष्कळ वर्षे हे काम केल्यावर असे ध्यानात येते, की या साऱ्या कज्ज्यांच्या मुळाशी बहुधा एखादे मूल असते, किंवा मूल नसणे असते. अपत्य नाही म्हणून माहेरी धाडलेली बायको पोटगीचा अर्ज घेऊन येते. अपत्य नाही म्हणून पुतण्याला दत्तक घेतलेल्या म्हाताऱ्याच्या पश्चात त्या दत्तकपत्रालाच हरकत घेणारे भाऊबंद येतात. आणि पहिलीच्या संमतीचा अंगठा मुद्रांकावर घेऊन दुसरे लग्न केलेला इसम, त्या अंगठ्याला कायद्यात कवडीची किंमत नाही हे ऐकून माझ्यासमोर हतबुद्ध होऊन बसलेला मी अनेकदा पाहिला आहे. अशा मुलखात दुसऱ्या स्त्रीच्या उदरात आपले अपत्य वाढविण्याचा मार्ग, ज्याला आता खेड्यापाड्यांतही सरळ सरोगसीच म्हणतात, माझ्या टेबलापर्यंत केव्हा ना केव्हा पोहोचणारच होता. तो पोहोचला तो 'ताई, कुठं स्वस्त पडंल?' या प्रश्नाच्या वाटेने, आणि आजही बहुतेक वेळा तो त्याच वाटेने येतो.

हा प्रश्न हीन आहे असे मला कधी वाटले नाही. हळद विकली जाईपर्यंत ज्यांच्या घरात रोकड नसते, आणि विकल्यावरही ती कर्जखात्यात वळती होते, त्यांनी आधी रक्कम विचारावी हे स्वाभाविकच आहे. परंतु निरनिराळ्या ठिकाणच्या रकमा शेजारी शेजारी मांडून पाहताना माझी अशी खात्री होत गेली, की या व्यवहारात दर कमीजास्त होतो तो औषधांच्या किंवा डॉक्टरांच्या मोलामुळे थोडा, आणि काही निराळ्याच प्रश्नांच्या उत्तरांमुळे फार. जन्मल्या दिवशी मुलाचे आईबाप कोण हे कोणत्या कागदावर लिहिलेले असते, बाळंतपणात त्या बाईचे काही बरेवाईट झाले तर भरपाई कोण देतो, आणि तिला 'नाही' म्हणण्याची मुभा कोठवर असते, हे ते प्रश्न होत. जेथे दर फार कमी दिसतो तेथे यांपैकी एखाद्या गोष्टीची किंमत तिसराच कोणी भरीत असतो, आणि तो तिसरा कोण हे दरपत्रकात कधी लिहिलेले नसते.

पहिला कागद माझ्यापुढे आला तेव्हा या विषयाचा कायदाच देशात नव्हता. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून १९८६ च्या ऑगस्टमध्ये टेस्ट ट्यूब बाळ जन्मले, त्याला तोवर दोन दशके उलटून गेली होती. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २००५ साली मार्गदर्शक तत्त्वे काढली होती, पण ती मोडणाऱ्यास शासन करील असे कलम कोठे नव्हते. आणि गुजरातेतील आणंद हे नाव परदेशांतील निपुत्रिक जोडप्यांच्या तोंडी झाले होते. सेनगाव तालुक्यातील एक शेतमजूर जोडपे हैदराबादच्या एका दलालाने दिलेला करारनामा घेऊन आले. करार शंभर रुपयांच्या मुद्रांकावर होता आणि सर्वस्वी इंग्रजीत होता. नवऱ्याने सही करून टाकलेली होती; बायकोची सही व्हायची होती, आणि तिचाच आग्रह होता की सही करण्यापूर्वी कोणीतरी हे वाचून दाखवावे.

मी तो कलमाकलमाने मराठीत सांगत गेले. सुमारे तीन लाख रुपये, तेही हप्त्यांनी. गर्भ पहिल्या तीन महिन्यांत गळाला तर थोडीशी रक्कम. सर्व काळ दलाल सांगेल त्या घरी मुक्काम. स्वतःच्या मुलांना भेटण्याची परवानगी दलालाच्या मर्जीवर. आणि प्रसूतीत मृत्यू आल्यास 'पक्षकार क्रमांक एक' यांच्यावर कोणतीही जबाबदारी नाही. त्या काळी भारतात अशा मुलासाठी जोडप्याला दहा ते पंधरा लाख रुपये पडत. अमेरिकेतील खर्चाच्या मानाने ही रक्कम इतकी अल्प होती, की जगभरचे लोक इकडे धाव घेत. ती स्वस्ताई कोठून येत होती याचा उलगडा त्या शेवटल्या कलमाने मला केला. मृत्यूची जोखीम जिने पत्करली तिलाच त्या जोखमीचा हप्ताही भरावा लागत होता.

ती गेली. मी जाऊ नको म्हटले नाही, कारण दोन एकर गहाण पडलेली जमीन सोडविण्याचा दुसरा मार्ग माझ्याजवळ नव्हता आणि तिच्याजवळही नव्हता. गावात सांगताना आधी वीटभट्टीवर गेलो, मग ऊसतोडीला गेलो, असे सांगितले गेले. सुमारे वर्षाने ती गहाणखत फेडल्याचा कागद नोंदवून घेण्यासाठी आली, तेव्हा तिने विचारल्याशिवायच सांगितले, की मुलगा झाला, त्याला तिने पाहिले नाही, ऑपरेशन करून काढला, आणि टाक्याची जागा चिघळली तिचा खर्च तिने तिच्याच पैशांतून केला. 'जिमीन सुटली ताई, त्याचं समाधान हाय. पर पोट दुखलं की कुनाकडं जावं, ते काय त्या कागदात न्हवतं.' पुढे या विषयावर मी पुष्कळ निवाडे आणि अहवाल वाचले, पण सरोगसीच्या कायद्यात प्रथम काय असावयास हवे हे मला त्या वाक्याइतके स्पष्ट कोणी सांगितले नाही.

मुलाच्या बाजूने कागद अपुरा असला म्हणजे काय होते, तेही त्याच सुमारास देशाने पाहिले. २००८ साली आणंदमध्ये एका जपानी जोडप्यासाठी जन्मलेली मंजी नावाची मुलगी जन्मापूर्वीच आईबापांच्या घटस्फोटामुळे अधांतरी पडली. जिच्या उदरात ती वाढली ती तिची आई नव्हे, जिने तिला मागितले तिला ती नको, आणि बीज देणारी स्त्री अनामिक. जपानहून आजी धावून आली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि अखेर जयपूरच्या पारपत्र कार्यालयाने दिलेल्या ओळखपत्रावर ते लेकरू मायदेशी गेले. त्याच वर्षी आणंदमध्येच एका जर्मन जोडप्यासाठी जन्मलेली जुळी मुले आणखी दोन वर्षे भारतातच अडकून पडली, कारण जर्मनीत सरोगसीला मज्जाव आणि भारतात त्यांच्या नागरिकत्वाला निश्चित आधार नाही. २००९ च्या ऑगस्टमध्ये विधी आयोगाने २२८ व्या अहवालात कायदा करण्याची शिफारस केली. आमच्याकडे मात्र हा विषय घरोघर पोहोचविला तो एका मराठी चित्रपटाने. उच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या समृद्धी पोरे यांचा 'मला आई व्हायचंय' लागला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. परदेशी बाईने नाकारलेले गोरे मूल वाढविणारी खेड्यातली आई पाहून आलेल्या बायका मला विचारू लागल्या, 'मूल नाकारलं तर कायदा काय म्हणतो?' तेव्हा कायदा काहीच म्हणत नव्हता.

नंतर स्वस्ताईचा हा बाजार एका देशातून दुसऱ्या देशात हलत गेला, आणि तो जेथे जेथे गेला तेथे तेथे एखाद्या आपत्तीनेच त्याला उघडे पाडले. २०१५ च्या एप्रिलमध्ये नेपाळात भूकंप झाला तेव्हा इस्रायलने आपल्या नागरिकांची तेथे जन्मलेली अर्भके विमानाने नेली, आणि ती अर्भके ज्यांच्या पोटी वाढली त्यांत भारतातून तेथे नेलेल्या बायका होत्या हे जगाला कळले. त्याच वर्षी नेपाळने दार लावले. थायलंडने एका अपंग जुळ्या मुलावरून उठलेल्या गदारोळानंतर २०१५ साली परकीयांना मनाई केली, कंबोडियाने २०१६ साली मोबदल्याच्या सरोगसीलाच मनाई केली. भारतानेही २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये परदेशी जोडप्यांना बंदी घातली. युक्रेन स्वस्त म्हणून लोक तिकडे वळले, तर २०२० साली साथीमुळे बंद झालेल्या सीमांमागे कीवच्या एका हॉटेलात अर्भकांच्या रांगा लागल्या, आणि २०२२ च्या युद्धात अशीच लेकरे तळघरात ठेवावी लागली.

आजचा आपला कायदा, म्हणजे सरोगसी (विनियमन) अधिनियम, २०२१, हा २५ जानेवारी २०२२ पासून अंमलात आहे. त्याने मोबदल्याची सरोगसी अपराध ठरविली. ती चालविणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत कैद व दहा लाखांपर्यंत दंड, आणि तिच्या मागे लागणाऱ्या जोडप्यासही प्रथम अपराधाला पाच वर्षांपर्यंत कैद. जोडपे विवाहित भारतीय असावे, पत्नीचे वय तेवीस ते पन्नास, पतीचे सव्वीस ते पंचावन्न, आणि हयात अपत्य नसावे. एकट्या स्त्रीला मुभा आहे ती फक्त विधवा वा घटस्फोटितेला, पस्तीस ते पंचेचाळीस या वयात. मूल वाढविणारी स्त्री विवाहित किंवा पूर्वविवाहित, स्वतःचे मूल असलेली, पंचवीस ते पस्तीस वर्षांची असावी, तिचे स्वतःचे बीज वापरू नये, आणि आयुष्यात एकदाच तिने हे करावे. वैद्यकीय कारणापलीकडची, हौसेची सरोगसी यात बसत नाही. गर्भाशय नसणे, ते काढावे लागणे, वारंवार गर्भपात होणे, कृत्रिम गर्भधारणेचे प्रयत्न पुनःपुन्हा फसणे, किंवा गर्भारपण जिवावर बेतेल असा आजार असणे, अशीच कारणे नियमांत दिलेली आहेत.

हे सर्व प्रत्यक्षात कसे चालते ते मी वसमतच्या एका हळद व्यापाऱ्याच्या घरात जवळून पाहिले. पहिल्या बाळंतपणात रक्तस्राव थांबेना म्हणून त्या बाईचे गर्भाशय काढावे लागले होते, आणि मूलही वाचले नव्हते. ती दोघे माझ्याकडे आली ती तीन दरपत्रके घेऊन: एक देशातल्या रुग्णालयाचे, सुमारे बारा लाखांचे, एक जॉर्जियाच्या राजधानीतील, तिबिलिसी येथील संस्थेचे, पन्नास हजार डॉलरहून थोडे अधिक, आणि एका आडवाटेच्या दलालाचे, कागदाच्या कपट्यावर लिहिलेले, या दोहोंहून पुष्कळ कमी आकड्याचे. व्यापारी माणूस होता, त्याला मी त्याच्याच भाषेत सांगितले, की ओल्या हळदीचा भाव आणि शिजवून, वाळवून, पॉलिश केलेल्या हळदीचा भाव यांची तुलना जसे तुम्ही करीत नाही, तशी या तीन आकड्यांचीही करता येणार नाही.

मग आम्ही बसून प्रत्येक आकड्याच्या पोटात काय आहे ते काढले. जॉर्जियात १९९७ पासून सरोगसीला कायद्याची मान्यता आहे आणि जन्मदाखल्यावर मागणाऱ्या जोडप्याचेच नाव लागते, हे खरे. पण तेथे जन्मलेल्या मुलाला तेथील नागरिकत्व सहसा मिळत नाही, भारतीय वकिलातीत नोंद होऊन कागद हाती येईपर्यंत तेथेच राहावे लागते, आणि २०२३ साली तेथील सरकारने परकीयांना मनाई करण्याचा मनोदय जाहीर केल्यापासून हा मार्ग केव्हा बंद होईल याची शाश्वती कोणी देत नाही. कपट्यावरच्या आकड्यात त्या बाईचे नावगाव नव्हते, विमा नव्हता, आणि न्यायालय तर नव्हतेच. देशातल्या बारा लाखांत बीजधारणेचा खर्च, औषधे, तपासण्या, प्रसूती आणि नवजात अर्भकाच्या उपचारांची तजवीज होती, त्या स्त्रीसाठी मोबदल्याचा एक पैसाही नव्हता, आणि छत्तीस महिन्यांचा विमा होता. २०१९ च्या विधेयकात ही मुदत सोळा महिनेच होती. राज्यसभेच्या प्रवर समितीने २०२० साली ती छत्तीसवर नेली. ते वाचताना मला सेनगावच्या त्या बाईची आठवण झाली आणि त्या समितीविषयी मनापासून कृतज्ञता वाटली.

त्या व्यापाऱ्याची धाकटी बहीण, दोन मुलांची आई, आपण होऊन पुढे आली. जिल्हा वैद्यकीय मंडळाचा दाखला, विम्याचे शपथपत्र, तिच्या शारीरिक व मानसिक योग्यतेचा दाखला, पात्रतेची प्रमाणपत्रे, हे सारे गोळा करण्यात महिने गेले. आणि खरी दमछाक झाली ती विम्यात, कारण छत्तीस महिन्यांची अशी पॉलिसी मागितल्यावर एका कंपनीतून दुसरीकडे आणि दुसरीकडून तिसरीकडे आम्ही फिरत राहिलो. परंतु प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढचा अर्ज मला या कायद्याचा मुकुटमणी वाटतो. हा अर्ज जोडपे आणि ती स्त्री असे तिघांनी मिळून करावयाचा असतो. मुलाचे पालकत्व व ताबा कोणाकडे, याचा हुकूम गर्भ राहण्यापूर्वीच होतो, आणि मूल जन्मल्यावर तोच हुकूम जन्माचे शपथपत्र ठरतो. दंडाधिकाऱ्यांनी त्या बहिणीला एकटीला पुढे बोलावून, कोणी जबरदस्ती केली का, पैसे ठरले का, मूल दिल्यावर जीव कासावीस होईल याचा विचार केला का, असे एकेक विचारले. 'वहिनीचं बाळ मी पाहिलं होतं साहेब, पांढऱ्या फडक्यात,' एवढेच ती शेवटल्या प्रश्नाला म्हणाली.

या एका बाबतीत आपला कायदा पुष्कळ श्रीमंत देशांच्या पुढे आहे, हे मी अभिमानाने सांगते. इंग्लंडात जन्म देणारी तीच कायद्याने आई. सहा आठवडे उलटल्यावाचून तिची संमतीही ग्राह्य नाही, आणि जोडप्याने सहा महिन्यांच्या आत न्यायालयाकडे पालकत्वाच्या हुकमासाठी अर्ज करायचा. तेथेही मोबदला वर्ज्य आहे, परंतु 'वाजवी खर्च' म्हणून साधारण दहा ते वीस हजार पौंड त्या स्त्रीला दिले जातात आणि न्यायालये ते मान्य करतात. कॅनडातही २००४ च्या कायद्याने मोबदला अपराध आहे, खर्चाची भरपाई मात्र चालते. फ्रान्स आणि जर्मनीत सरोगसीलाच थारा नाही. इटलीने तर २०२४ साली परदेशी जाऊन ती करणाऱ्या आपल्या नागरिकांनाही अपराधी ठरविले.

अमेरिकेची हकीकत मला कळमनुरी तालुक्यातील एका मुलाकडून तपशिलाने कळली. तो न्यू जर्सीत अभियंता आहे आणि वडिलोपार्जित जमिनीच्या खातेफोडीसाठी आला होता. त्याच न्यू जर्सीत १९८८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने 'बेबी एम'च्या खटल्यात सरोगसीचा सशुल्क करार रद्दबातल ठरविला होता, आणि तीस वर्षांनी, २०१८ साली, त्याच राज्याने कायदा करून असे करार विधिग्राह्य केले. त्याला आणि त्याच्या पत्नीला सारा खर्च सव्वा लाख डॉलरच्या वर गेला, म्हणजे आपल्या एक कोटीच्या घरात. ऐकून माझ्या कारकुनाच्या तोंडून उद्गारच निघाला. पण त्या रकमेची फोड ऐकताना मला तिच्यातला एक आकडा फार मोलाचा वाटला: त्या स्त्रीसाठी स्वतंत्र वकील होता, त्याची फी या जोडप्याने दिली होती, आणि त्या वकिलाने जोडप्याचा मसुदा दोनदा परत पाठविला होता. कॅलिफोर्नियातही दोन्ही पक्षांना वेगवेगळे वकील असलेच पाहिजेत असा कायदा आहे. सेनगावच्या बाईला असा वकील असता तर 'पक्षकार क्रमांक एक'चे ते कलम त्याने पहिल्या वाचनातच खोडले असते.

आणि येथेच आपल्या कायद्याची उणीव मला सलते. तो त्या स्त्रीला सांगतो, की तू हे निरपेक्ष बुद्धीने कर. बीजारोपणापूर्वी केव्हाही मन बदलण्याचा हक्कही तो तिला देतो. पण ज्या घरात तिच्या अन्नवस्त्राची मालकी दुसऱ्याकडे असते, तेथे तो हक्क ती बजावील कसा? एका एकत्र कुटुंबातील थोरला भाऊ आणि त्याची पत्नी माझ्याकडे आली होती. धाकट्या भावाची विधवा, एका मुलीची आई, ही 'राजीखुशीने तयार' होती. माझ्या शिरस्त्याप्रमाणे मी तिच्याशी एकटीशी बोलायचे म्हटले, त्याला बराच विरोध झाला. दार लोटल्यावर ती पुष्कळ वेळ काही बोललीच नाही, आणि मग म्हणाली, 'मी नाही म्हनले तर मला अन् माझ्या लेकीला घरात राहू देतील का, ताई?' मी बाहेर येऊन दिराला एवढेच सांगितले, की मयत भावाच्या हिश्शावर हिचे वारस म्हणून नाव सातबाऱ्याला आधी लावा; तो फेरफार मंजूर झाला म्हणजे मी पुढचा अर्ज लिहीन. ते कागद उचलून रागाने निघून गेले. काही महिन्यांनी ती विधवा एकटीच आली, वारस नोंदीचा अर्ज लिहून घ्यायला. दुसऱ्या गोष्टीचा तिने विषय काढला नाही, आणि मीही विचारले नाही; पण तिच्या चेहऱ्यावरून जे कळायचे ते कळले.

त्या दिवसापासून माझे मत पक्के झाले आहे. मोबदला सर्वस्वी वर्ज्य केल्याने गरिबीचा गैरफायदा थांबत नाही. तो बाजारातून उठून घरात येतो, आणि घरातल्या सर्वांत निराधार बाईवर जाऊन पडतो. २०१७ च्या ऑगस्टमध्ये संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने आपल्या १०२ व्या अहवालात हेच म्हटले होते आणि वाजवी भरपाई देणारी पद्धत सुचविली होती. ती स्वीकारली गेली नाही. उलट बाजूचे म्हणणे मला ठाऊक आहे, आणि ते मी याच जिल्ह्यात राहून हलके लेखू शकत नाही. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये सेनगाव तालुक्यातील गोरेगावच्या शेतकऱ्यांनी कर्ज फेडण्यासाठी आपले अवयव विक्रीस काढल्याचे मुख्यमंत्र्यांना लेखी कळविले होते. ज्या मुलखात मूत्रपिंडाचा भाव सरकारला लिहून कळवावा लागतो, तेथे कुशीचा भाव खुला केला तर काय होईल, हे सांगायला विद्वानाची गरज नाही. मराठवाड्यातल्याच बीड जिल्ह्यात नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१९ साली ८२,००० हून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा १३,००० हून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. खाडा पडला की दंड भरावा लागतो अशा मजुरीत पाळीचे दिवससुद्धा परवडत नाहीत. म्हणून मी दराच्या बाजाराची बाजू घेत नाही. मी मागते ती फक्त बुडालेल्या मजुरीची भरपाई.

बंदीमुळे चोरवाटा कशा फुटतात, हे २०२५ च्या जुलैमध्ये सिकंदराबादच्या एका प्रजनन केंद्राच्या प्रकरणात सर्वांनी वाचले. सरोगसीचे म्हणून तीस लाखांहून अधिक रक्कम घेऊन एका जोडप्याच्या हाती मूल दिले गेले, आणि डीएनए तपासणीत ते त्यांचे नसल्याचे, एका गरीब जोडप्याकडून पैसे देऊन आणल्याचे निष्पन्न झाले. मराठवाड्याला निजामाच्या काळापासून मोठ्या दुखण्यासाठी हैदराबादची वाट धरण्याची सवय आहे, त्यामुळे त्या बातमीनंतर माझ्याकडे चौकशीला आलेल्यांचे चेहरे मी विसरणार नाही. त्यांना मी एकच खूण सांगते: दंडाधिकाऱ्याचा हुकूम बीजारोपणाच्या आधीचा आहे का, हे पाहा. तो नसेल तर रक्कम कितीही कमी असो वा जास्त, तेथून उठून या. आणि ज्यांची कारणे कायद्यात बसत नाहीत त्यांना मी दत्तकाचा सरकारी मार्ग दाखविते. त्याचा ठरीव खर्च हजारांत आहे, लाखांत नाही, आणि आता दत्तकाचा हुकूम जिल्हाधिकारीच देतात, फक्त प्रतीक्षा फार दीर्घ आहे.

आता त्या मजुरीविषयी. केंद्र सरकारच्या नोकरीतील स्त्रीने सरोगेट माता म्हणून मूल जन्माला घातले, तर जून २०२४ च्या दुरुस्तीनुसार तिला १८० दिवसांची पगारी रजा मिळते. मूल ज्यांचे त्या मातेलाही, तिची हयात अपत्ये दोनपेक्षा कमी असतील तर, ती मिळते. म्हणजे त्या काळात बाईचे उत्पन्न बुडू नये हे तत्त्व सरकारला मान्य आहे. मग शेतमजूर बाईला ते का लागू नसावे? महाराष्ट्रात रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये होता. गर्भारपणाचे २७० दिवस धरले तर ८४,२४० रुपये होतात. बारा लाखांच्या अंदाजपत्रकात ही रक्कम कोणत्याही जोडप्याला जड नाही, आणि एवढ्या रकमेच्या लोभाने कोणी आपली कूस विकावयास निघणार नाही. त्यासाठी अधिनियमाला हातही लावावा लागत नाही, कारण वैद्यकीय खर्च आणि विमा यांच्या जोडीला 'विहित करण्यात येईल असा अन्य खर्च' हे शब्द त्यात आधीपासूनच आहेत. काय विहित करावे हे नियमांनी ठरते. मार्च २०२३ मध्ये केंद्राने एका अधिसूचनेने दात्याचे बीज वापरण्यास मनाई केली, अनेक जोडपी अर्ध्या वाटेवर अडकली, सर्वोच्च न्यायालयाने कान उपटले, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये दुसऱ्या अधिसूचनेने, जिल्हा मंडळाच्या दाखल्यावर, एका बाजूचे बीज दात्याचे चालेल असे ठरले. जोडप्यांसाठी वर्षभरात दोनदा नियम बदलता आला, तर त्या बाईच्या रोजासाठी तो एकदा बदलावा, एवढीच माझी मागणी आहे, आणि तसा मसुदा करून मी तो संबंधितांकडे टपालाने रवाना केला आहे.